पूल खेळातील वैयक्तिक तंत्र आणि पाठ्यपुस्तकी मूलतत्त्वे

हा लेख क्यू आणि चेंडू यांच्या साहाय्याने टेबलावर खेळल्या जाणाऱ्या पूल या खेळातील तंत्राविषयी आहे. नदीवरील पुलासंबंधीच्या माहितीसाठी पूल (बांधकाम) हा लेख पाहा.

पूल खेळातील वैयक्तिक तंत्र आणि पाठ्यपुस्तकी मूलतत्त्वे यांचा परस्परसंबंध हा क्यूने खेळल्या जाणाऱ्या सर्वच खेळांच्या प्रशिक्षणातील जुना वादविषय आहे. उभे राहण्याची ठेवण, क्यूची पकड, पुढच्या हाताचा आधार, नजर आणि स्ट्रोक यांविषयी पुस्तकांत व प्रशिक्षणवर्गांत जे नियम शिकवले जातात त्यांना मूलतत्त्वे म्हणतात. खेळाडूने स्वतःच्या शरीररचनेनुसार, सवयीने किंवा परिस्थितीच्या रेट्याने अंगी बाणवलेल्या पद्धतीस वैयक्तिक तंत्र म्हणतात. जगज्जेत्या खेळाडूंपैकी काहींचे तंत्र पुस्तकाबरहुकूम आहे, तर काहींचे पुस्तकाच्या अगदी उलट आहे. त्यामुळे नवशिक्याने कोणाचे अनुकरण करावे आणि प्रशिक्षकाने विद्यार्थ्याची कोणती सवय मोडावी, हे दोन प्रश्न वारंवार उपस्थित होतात. चुकीची सवय वेळीच न सुटल्यास खेळाडूची प्रगती एका टप्प्यावर थांबते. उलटपक्षी, निरुपद्रवी लकब मोडण्याच्या नादात चांगला खेळ बिघडतो. म्हणून या प्रश्नाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे.

खेळाची पार्श्वभूमी

पूल हा सहा कप्प्यांच्या टेबलावर खेळला जाणारा खेळ आहे. स्पर्धेच्या टेबलाची लांबी ९ फूट असते आणि कुशनच्या आतील खेळण्याची जागा १०० इंच लांब व ५० इंच रुंद, म्हणजे २५४ सेंमी × १२७ सेंमी इतकी असते. चेंडूचा व्यास २.२५ इंच (५७.१५ मिमी) असतो. क्यूची लांबी साधारण ५८ इंच (सुमारे १४७ सेंमी) असून तिच्या टोकाला चामड्याची टिप असते. खेळाडू क्यूने फक्त पांढऱ्या चेंडूस मारतो आणि पांढरा चेंडू लक्ष्यचेंडूवर आदळून त्यास कप्प्यात धाडतो. एट-बॉल, नाइन-बॉल, टेन-बॉल आणि स्ट्रेट पूल हे या खेळाचे प्रमुख प्रकार होत. पूल, स्नूकर व बिलियर्ड्झ या तिन्ही खेळांत टेबल, चेंडू व नियम भिन्न असले, तरी क्यू चालवण्याचे शास्त्र बहुतांशी एकच आहे. त्यामुळे तंत्रविषयक चर्चेत या तिन्ही खेळांतील उदाहरणे एकत्र घेतली जातात.

मूलतत्त्वांचा इतिहास

क्यूच्या टोकास चामड्याची टिप लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये रूढ झाली. टिप आणि चॉक यांच्यामुळे चेंडूच्या मध्यापासून दूर मारा करून त्यास फिरकी देणे शक्य झाले, आणि तेव्हापासून तंत्राचा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण झाला. फ्रेंच गणितज्ञ गास्पार-ग्युस्ताव द कोरिओलिस याने १८३५ साली बिलियर्ड्झमधील चेंडूंच्या गतीचे गणिती विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. फिरकी असलेला चेंडू टक्कर झाल्यानंतर काही काळ परवलयाकार मार्गाने जातो आणि मग सरळ गडगडू लागतो, हे त्याने दाखवून दिले.

विसाव्या शतकात नामांकित खेळाडूंनी मार्गदर्शक पुस्तके लिहिली. १९२७ ते १९४६ या काळात स्नूकरचे विश्वविजेतेपद १५ वेळा मिळवून अपराजित राहिलेला इंग्लंडचा जो डेव्हिस याचे ‘हाउ आय प्ले स्नूकर’ हे पुस्तक १९४९ साली निघाले. ब्रिटिश पद्धतीच्या क्यूतंत्राचा तो पाया मानला जातो. अमेरिकेत विली मॉस्कोनी (१९१३–१९९३) याने पॉकेट बिलियर्ड्झवर पुस्तक लिहिले. १९५४ साली ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात त्याने सलग ५२६ चेंडू कप्प्यात घातले होते. पुढे रॉबर्ट बर्न याचे १९७८ सालचे प्रमाणग्रंथवजा पुस्तक विद्यार्थ्यांत विशेष लोकप्रिय झाले.

मॉस्कोनीचे बालपण या वादाच्या संदर्भात उद्बोधक आहे. त्याच्या वडिलांचा पूल हॉल होता; परंतु मुलाने हा खेळ खेळू नये अशी त्यांची इच्छा होती. तेव्हा त्याने केरसुणीच्या दांड्याने बटाटे ढकलत सराव केला. पुढे ज्याच्या पुस्तकावरून इतर शिकले, त्याने स्वतः आरंभ असा केला होता.

पाठ्यपुस्तकी मूलतत्त्वे

निरनिराळ्या लेखकांत तपशिलाचे मतभेद असले, तरी पुढील बाबींवर बहुतेकांचे एकमत आहे.

ठेवण: दोन्ही पाय साधारण खांद्यांच्या रुंदीइतके दूर असावेत, शरीराचा भार स्थिर असावा आणि मारा करताना फक्त मागचा हात हलावा. स्नूकरमध्ये हनुवटी क्यूला टेकेपर्यंत वाकतात. पूलमध्ये डोके किंचित वर ठेवणारेही पुष्कळ आहेत.

पकड: क्यू मुठीत आवळू नये, बोटांच्या पाळण्यात सैल धरावी. घट्ट पकडीने मनगट वळते आणि क्यूची दिशा बदलते.

ब्रिज: टेबलावर टेकलेल्या पुढच्या हाताने क्यूसाठी जो आधार तयार होतो त्यास ब्रिज म्हणतात. अंगठा व तर्जनी यांच्या खोबणीवर क्यू ठेवल्यास तो उघडा ब्रिज, आणि तर्जनीचे कडे करून त्यातून क्यू सरकवल्यास तो बंद ब्रिज होय. ब्रिजपासून पांढऱ्या चेंडूपर्यंतचे अंतर साधारण २० ते ३० सेंमी ठेवतात.

नजर: प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत डोक्याची एक विशिष्ट स्थिती अशी असते की जिच्यात सरळ रेषा त्यास सरळ दिसते. काहींची क्यू हनुवटीच्या मध्याखाली येते, काहींची एका डोळ्याखाली. ही स्थिती एकदा शोधून दर वेळी तीच राखावी, असा नियम आहे.

स्ट्रोक: कोपर स्थिर ठेवून कोपराखालचा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवावा. टिप चेंडूस लागते त्या क्षणी हा भाग जमिनीशी काटकोनात असावा. खांद्यातून जोर लावणे, कोपर बाहेर काढणे आणि मारताना डोके उचलणे हे दोष मानले जातात.

फॉलो-थ्रू: मारा झाल्यावरही क्यू त्याच रेषेत पुढे जाऊ द्यावी. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श केवळ १ ते २ सहस्रांश सेकंद टिकतो. त्यामुळे नंतरच्या हालचालीचा चेंडूवर प्रत्यक्ष परिणाम होत नाही. क्यू शेवटी सरळ राहिली असेल तर ती स्पर्शाच्या क्षणीही सरळ असण्याचा संभव अधिक, एवढाच या नियमाचा अर्थ आहे.

पूर्वक्रम: उभे राहून नेम ठरवणे, वाकणे, दोन-चार वेळा क्यू हलवून पाहणे, क्षणभर थांबणे आणि मग मारणे हा क्रम दर वेळी सारखा असावा.

अचूकतेचे गणित

पुस्तकांचा सरळ स्ट्रोकवर इतका भर का असतो, हे एका साध्या गणितावरून स्पष्ट होते. पांढरा चेंडू लक्ष्यचेंडूपासून १ मीटरवर आहे, लक्ष्यचेंडू कोपऱ्यातील कप्प्यापासून आणखी १ मीटरवर आहे आणि तिन्ही एका सरळ रेषेत आहेत, असे समजू. पांढऱ्या चेंडूच्या दिशेत अंशाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ०.१ अंशाची चूक झाली, तर टकरीच्या जागी तो सुमारे १.६५ मिमी बाजूला सरकलेला असतो. दोन चेंडूंच्या केंद्रांमधील अंतर टकरीच्या क्षणी ५७ मिमीच असल्यामुळे एवढ्या सरकण्याने लक्ष्यचेंडूची दिशा सुमारे १.६५ अंशांनी बदलते. म्हणजे मूळ चूक १६ पटींहून अधिक वाढते. कप्प्यापर्यंत पोचेपर्यंत लक्ष्यचेंडू सुमारे २९ मिमी ढळलेला असतो. कोपऱ्यातील कप्प्याचे तोंड साधारण ११५ मिमी रुंद असल्याने ५७ मिमी व्यासाच्या चेंडूस दोन्ही बाजूंना मिळून तेवढीच, म्हणजे प्रत्येक बाजूस जेमतेम २९ मिमी सवलत असते. सारांश, ०.१ अंशाच्या चुकीने चेंडू कप्प्याच्या ओठावर अडखळतो.

ब्रिज आणि मागचा हात यांच्यामध्ये ८० सेंमी अंतर धरल्यास क्यूच्या दिशेतील ०.१ अंशाचा फरक म्हणजे मागचा हात केवळ १.४ मिमी बाजूला जाणे होय. जितके सांधे हलतात तितक्या ठिकाणी असा फरक पडण्याची शक्यता वाढते. कोपर, खांदा व डोके स्थिर ठेवण्याचा नियम येथूनच आला आहे.

पुस्तकाबाहेरचे खेळाडू

फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस (जन्म १९५४) हा पूलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक गणला जातो. लहानपणी तो मनिला येथे नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये काम करत असे. उंची पुरत नसल्याने थंड पेयांच्या खोक्यांवर उभा राहून तो खेळे. १९८५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टोपणनावाने स्पर्धेत उतरून त्याने विजेतेपद मिळवले. १९९९ साली कार्डिफ येथे तो नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला. त्याची पकड अत्यंत सैल असून स्ट्रोक लांब व झोकदार आहे. नेम धरताना त्याच्या क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूच्या तळाशी, जवळजवळ कापडाला टेकलेले दिसते. प्रत्यक्ष मारा मात्र हव्या त्या उंचीवर बसतो. ‘जेथे मारायचे तेथेच टिप धरावी’ या नियमाचा येथे भंग होतो. त्याचा देशबंधू आणि २०१० सालचा नाइन-बॉल विश्वविजेता फ्रान्सिस्को बुस्तामान्ते याच्या खेळातही हीच लकब अधिक ठळकपणे आढळते. उष्ण व दमट हवेत कापड संथ होते, अशा टेबलांवर वाढलेल्या खेळाडूंना लांब व मोकळ्या स्ट्रोकची सवय लागली, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते.

अमेरिकेचा कीथ मॅक्रेडी याचे कोपर मारताना शरीरापासून दूर, आडवे जात असे. गोफण फिरवल्यासारख्या या स्ट्रोकमुळे तो दुरूनही ओळखू येई. १९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात त्याने एका पूलपटूची भूमिका केली आहे.

स्नूकरमध्ये उत्तर आयर्लंडचा अॅलेक्स हिगिन्स मारताना डोके व खांदे झटक्यात उचलत असे. तरीही तो १९७२ व १९८२ साली विश्वविजेता झाला. १९७४ सालचा विश्वस्पर्धेचा उपविजेता ग्रॅहम माइल्स याची क्यू हनुवटीखालून न जाता डाव्या कानाखालून जात असे. रॉनी ओ’सलिव्हन याने १९९६ च्या विश्वस्पर्धेत उजवा हात सोडून डाव्या हाताने काही फटके मारले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याने तो आपला अपमान मानला. डाव्या हाताने आपण खरोखर त्या दर्जाचा खेळ करू शकतो, हे ओ’सलिव्हनला चौकशीच्या वेळी खेळून दाखवावे लागले.

सर्वांत लक्षणीय उदाहरण जो डेव्हिसचे आहे. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी अतिशय अधू होती. त्यामुळे त्याने क्यू हनुवटीच्या मध्याखाली न धरता डाव्या डोळ्याखाली धरली. ज्याच्या पुस्तकास ब्रिटिश परंपरेने प्रमाण मानले, त्याचे स्वतःचे तंत्र अशा रीतीने एका शारीरिक उणिवेशी केलेल्या तडजोडीवर उभे होते.

पुस्तकाबरहुकूम खेळाडू

इंग्लंडचा स्टीव्ह डेव्हिस (जो डेव्हिसशी नाते नाही) हा दुसऱ्या टोकाचे उदाहरण होय. वडिलांच्या देखरेखीखाली जो डेव्हिसच्या पुस्तकावरून त्याने आपला स्ट्रोक घडवला आणि १९८० च्या दशकात सहा वेळा स्नूकरचे विश्वविजेतेपद मिळवले. पुढे तो पूलकडेही वळला. १९९४ ते २००४ या काळात मॉस्कोनी चषक स्पर्धेत तो युरोपच्या संघातून खेळला आणि २००२ साली त्यानेच युरोपला विजय मिळवून देणारा सामना जिंकला.

इंग्लंडचीच अॅलिसन फिशर ही स्नूकरमधील महिला विश्वविजेती १९९५ साली अमेरिकेत गेली आणि महिलांच्या नाइन-बॉलमध्येही विश्वविजेती झाली. खाली वाकलेली स्थिर ठेवण, सरळ क्यू आणि माऱ्यापूर्वीचा क्षणभराचा विराम ही तिची वैशिष्ट्ये होत. स्नूकरच्या मोठ्या टेबलावर व अरुंद कप्प्यांवर घडलेले तंत्र पूलमध्ये किती उपयोगी पडते, हे तिच्या यशाने दाखवून दिले.

परस्परपूरक चुका

तंत्रात दोष असूनही चेंडू कप्प्यात का जातो, याचे एक कारण भौतिकशास्त्रात सापडते. मागचा हात डावीकडे गेला तर ब्रिजभोवती क्यू फिरते आणि तिचे टोक उजवीकडे वळते. त्यामुळे नेम उजवीकडे ढळतो. त्याच वेळी टिप चेंडूच्या मध्याच्या उजव्या बाजूस लागते. मध्यापासून दूर मारलेला चेंडू क्यूच्या रेषेत न जाता किंचित उलट बाजूस, म्हणजे येथे डावीकडे विचलित होतो. या विचलनास विक्षेप म्हणतात. ब्रिजचे अंतर योग्य असल्यास या दोन चुका एकमेकींना खोडून काढतात आणि चेंडू मूळ रेषेतच जातो. पारंपरिक लाकडी शाफ्टच्या क्यूसाठी हे अंतर साधारण २० ते ३० सेंमीच्या आसपास येते. बहुसंख्य खेळाडूंचा ब्रिजही तेवढाच असतो.

म्हणून वाकडा स्ट्रोक असलेला खेळाडूही पुष्कळदा अचूक मारतो. तथापि त्याची किंमत त्यास अन्यत्र मोजावी लागते. पांढऱ्या चेंडूस नकळत बाजूची फिरकी मिळते आणि कुशनवर आदळल्यावर तो अपेक्षेहून वेगळ्या कोनात परततो; पुढच्या फटक्यासाठी हवी ती जागा मिळत नाही. टेबलाच्या काठावरून ब्रिज आखूड धरावा लागला, की जुळलेले गणित बिघडते. १९९० च्या दशकापासून प्रचारात आलेल्या कमी विक्षेपाच्या क्यू वापरू लागल्यावरही अशा खेळाडूचा नेम काही काळ चुकतो, कारण दोन चुकांपैकी एक कमी होते आणि दुसरी उघडी पडते. क्यू महाग घेतली आणि खेळ मात्र बिघडला, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

हालचालीचे शास्त्र काय सांगते

सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) याने १९२० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला. प्रत्येक घावाच्या वेळी खांदा, कोपर व मनगट यांचे कोन थोडे वेगळे असत. परंतु हातोड्याचे टोक मात्र सारख्याच मार्गाने छिन्नीवर येई. एका सांध्यातील फरक दुसरा सांधा भरून काढत होता. कौशल्य म्हणजे एकच हालचाल तंतोतंत गिरवणे नसून प्रत्येक वेळी तोच परिणाम नव्याने साधणे होय, असा निष्कर्ष त्यावरून निघतो.

वैयक्तिक तंत्राचे समर्थक या निष्कर्षाचा आधार घेतात. रेयेसचा हात पुस्तकाप्रमाणे हलत नसला, तरी स्पर्शाच्या क्षणी टिप योग्य जागी, योग्य दिशेने व योग्य वेगाने येते आणि चेंडूस तेवढेच कळते. पाठ्यपुस्तकाचे समर्थक याच निष्कर्षातून वेगळा बोध घेतात. सांध्यांचा असा ताळमेळ लाखो आवृत्त्यांनंतर साधतो. बालपणापासून दिवसभर टेबलापाशी राहणाऱ्यास ते शक्य होते, आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळणाऱ्यास नाही. हलणारे सांधे कमी असलेले तंत्र लवकर आत्मसात होते आणि दडपणाखाली कमी बिघडते.

आक्षेप आणि मतभेद

अपवादात्मक खेळाडूंच्या उदाहरणांवर एक मूलभूत आक्षेप घेतला जातो. विचित्र तंत्राने यशस्वी झालेले मोजके खेळाडू सर्वांच्या स्मरणात राहतात. त्याच तंत्राने अयशस्वी ठरलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून मॅक्रेडीच्या यशावरून आडव्या कोपराची शिफारस करता येत नाही. शिवाय श्रेष्ठ खेळाडूचे यश केवळ हाताच्या तंत्रावर अवलंबून नसते. १९९५ साली अमेरिकेतील रीनो येथे अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध रेयेसने दोन कुशनवर चेंडू आदळवून अडलेला पाच क्रमांकाचा चेंडू कप्प्यात घातला. तो फटका आजही सांगितला जातो. त्यात स्ट्रोकइतकाच कुशनच्या कोनांचा आणि फिरकीचा सूक्ष्म अभ्यास होता. प्रेक्षकांना झोकदार हात दिसतो, अभ्यास दिसत नाही.

याउलट पाठ्यपुस्तकी मतावरचा आक्षेप असा की, पुस्तके बहुधा सरासरी बांध्याचा, दोन्ही डोळे सारखे असलेला, निरोगी सांध्यांचा खेळाडू गृहीत धरतात. उंच माणसास गुडघे वाकवावे लागतात. पाठीचा त्रास असलेल्यास हनुवटी क्यूपर्यंत नेणे शक्य नसते. अमेरिकेची विख्यात खेळाडू जेनेट ली हिला किशोरवयापासून पाठीच्या कण्याच्या वक्रतेचा विकार होता आणि तिच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. तरीही ती जगातील अग्रगण्य खेळाडूंत गणली गेली. अशा खेळाडूंना नियमाचे शब्द पाळता येत नाहीत, हेतू पाळता येतो.

स्ट्रोकच्या काही तपशिलांबाबत प्रशिक्षकांतही एकमत नाही. मारल्यानंतर कोपर खाली जाऊ द्यावे की शेवटपर्यंत स्थिर ठेवावे, हा त्यांपैकी प्रमुख मुद्दा आहे. अनेक उत्तम खेळाडूंचे कोपर जोरकस फटक्यात खाली येते. ते स्पर्शानंतर येत असेल तर हानी नाही. स्पर्शापूर्वी आल्यास टिपची उंची बदलते. माऱ्याच्या अखेरच्या क्षणी नजर पांढऱ्या चेंडूवर असावी की लक्ष्यचेंडूवर, याबाबत बहुसंख्य मत लक्ष्यचेंडूच्या बाजूचे आहे. मात्र त्यासही अपवाद आहेत.

दोष की वैशिष्ट्य: ओळखण्याच्या कसोट्या

एखादी लकब मोडावी की राहू द्यावी, हे ठरवण्यासाठी प्रशिक्षक काही साध्या कसोट्या वापरतात. त्या खेळाडूस एकट्यानेही करता येतात.

१. पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यरेषेवर ठेवून समोरच्या आखूड कुशनवर सरळ मारावा. तो त्याच रेषेवरून परत येऊन क्यूच्या टिपला लागला पाहिजे. वारंवार एकाच बाजूस परतत असेल तर नकळत फिरकी दिली जात आहे.

२. पांढऱ्या चेंडूऐवजी पट्ट्याचा चेंडू घेऊन पट्टा उभा ठेवावा आणि चॉक लावून मारावे. चेंडूवर उमटलेली खूण पट्ट्याच्या मध्यावर आहे की बाजूला, हे तत्काळ समजते.

३. दूरच्या सरळ फटक्यात लक्ष्यचेंडू कप्प्यात घालून पांढरा चेंडू टकरीच्या जागीच थांबवावा. दहापैकी किती वेळा तो जागच्या जागी थांबतो आणि किती वेळा बाजूस सरकतो वा स्वतःभोवती फिरतो, याची लेखी नोंद ठेवावी.

४. हाच सराव हलका, मध्यम व जोरकस अशा तीन वेगांनी करावा. हलक्या माऱ्यात ठीक आणि जोरकस माऱ्यात बिघाड, असे आढळल्यास दोष प्रायः पकडीत अथवा खांद्यात असतो.

या कसोट्यांत उत्तीर्ण होणारी लकब, ती दिसायला कितीही चमत्कारिक असली तरी, वैशिष्ट्य समजावी. अनुत्तीर्ण होणारी सवय पुस्तकात बसत असली तरी दोषच होय. दडपणाचा विचारही आवश्यक आहे. एकट्याने सराव करताना जमणारा आणि सामन्यात बिघडणारा स्ट्रोक बहुधा अशाच एखाद्या जुळवून घेतलेल्या चुकीवर उभा असतो.

प्रशिक्षणातील व्यवहार

नवशिक्यास आरंभी मूलतत्त्वेच शिकवावीत, याविषयी फारसा मतभेद नाही. बाळबोध अक्षर शिकणारे मूल प्रथम पुस्ती गिरवते. पुढे प्रत्येकाच्या अक्षरास स्वतःचे वळण येते आणि ते वाचता येते तोवर कोणी त्यास हरकत घेत नाही. पूलमध्येही क्रम असाच आहे. सवयी पडण्यापूर्वी सरळ स्ट्रोक शिकणे सोपे असते, आणि पुढे येणारे वैयक्तिक वळण त्या पायावर टिकते.

अनेक वर्षे खेळलेल्या खेळाडूच्या बाबतीत अधिक सावधगिरी बाळगली जाते. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स व मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्यप्राप्तीचे तीन टप्पे सांगितले: विचारपूर्वक करणे, जुळवत जाणे आणि आपोआप होणे. तिसऱ्या टप्प्यावरील खेळाडूची सवय बदलणे म्हणजे त्यास पुन्हा पहिल्या टप्प्यावर आणणे होय. त्यामुळे सुधारणेच्या आरंभी खेळ काही आठवडे किंवा महिने खालावतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ती स्पर्धांच्या काळात बदलू नये आणि खेळाडूस खेळ तात्पुरता खालावण्याची कल्पना आधी द्यावी, असे अनुभवी प्रशिक्षक सुचवतात. बदलाचे कारण न सांगता केवळ ‘पुस्तकात असे नाही’ म्हणून केलेली दुरुस्ती प्रायः टिकत नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

स्नूकर या खेळाचा उगम १८७५ साली जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला, असे मानले जाते. पुढे भारतात बिलियर्ड्झ व स्नूकरची परंपरा मुख्यतः जिमखाने आणि क्लब यांतून वाढली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी १९५८ साली कोलकाता येथे हौशी बिलियर्ड्झचे विश्वविजेतेपद मिळवले. कोणत्याही वैयक्तिक खेळात विश्वविजेता होणारे ते पहिले भारतीय होत. १९६४ साली त्यांनी ते पुन्हा मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी हौशी बिलियर्ड्झचे विश्वविजेतेपद १९७७, १९८१ व १९८३ साली मिळवले. पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचा (१९८५); मात्र त्यांचे प्रशिक्षण बेंगळुरू येथे माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सावुर यांच्याकडे झाले.

पूल हा खेळ मात्र शहरांतील पूल पार्लरांमधून तरुणांपर्यंत पोचला. तेथे तासाच्या भाड्याने टेबल मिळते, प्रशिक्षक क्वचितच असतो आणि नवखा खेळाडू शेजारच्या टेबलावरील खेळाडूस पाहून शिकतो. त्यामुळे वैयक्तिक तंत्र की मूलतत्त्वे, हा प्रश्न अशा खेळाडूपुढे निवड म्हणून उभा राहतच नाही. त्याची सवय आधीच पडलेली असते. वर दिलेल्या कसोट्यांना कोणतेही साधन वा शुल्क लागत नाही. रिकाम्या टेबलावरची पंधरा मिनिटे आणि एक वही त्यासाठी पुरेशी असते.

हे सुद्धा पाहा

बिलियर्ड्झ
स्नूकर
नाइन-बॉल
एफ्रेन रेयेस
विल्सन जोन्स
पंकज अडवाणी